शेवाळ : पाण्यातले आणि भिंतीवरले

मराठीच्या अध्यापकांनी वनस्पतिशास्त्रात नाक खुपसू नये, हे आम्हांला तत्त्वतः मान्य आहे. तरीही पुढील मजकूर लिहावासा वाटला, याचे कारण आमच्याच हातून झालेली एक दुरुस्ती. झाडीपट्टीतील पाण्याशी निगडित शब्दांचा एक छोटा संग्रह आम्ही विद्यार्थ्यांकडून करवून घेत होतो. बोडी, बांधी, पाळ, तुडुम, पऱ्हे, रोवणी अशा शब्दांनी वह्या भरत होत्या. गोंदिया जिल्ह्यातील कामठा परिसरातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'शेवाळ' या शब्दापुढे लिहिले होते : 'तलावात असते ते, आणि पावसाळ्यात भिंतीवर येते ते.' आम्ही दुसरा अर्थ लाल शाईने खोडला आणि समासात शेरा मारला : 'भिंतीवरचे ते मॉस. त्याचा शैवलाशी संबंध नाही.'

ती वही पुढे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांच्या हाती पडली. त्यांनी शेरा वाचला, हसले आणि म्हणाले, "तुमच्या दुरुस्तीचा पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागावर शास्त्रज्ञ दीडशे वर्षे भांडताहेत, आणि निकाल तुमच्या बाजूने लागलेला नाही."

विद्यार्थ्याचे बरोबर असलेले वाक्य खोडणे हा आमच्या व्यवसायातला मोठा गुन्हा. म्हणून त्या भांडणाचा इतिहास आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे समजून घेतला.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण तेवढे तरी आमचे क्षेत्र आहे. संस्कृतात शैवल, शैवाल ही रूपे आहेत. मराठी शेवाळ त्यांचेच वंशज. अमरकोशाने शैवालाला 'जलनीली' हा पर्याय दिला आहे. म्हणजे मुळात ही पाण्याची वस्तू. कालिदासाच्या शाकुंतलात शैवल येते ते कमळाला बिलगलेले. जुन्या मराठीत याच वस्तूला 'बाबुळी' असाही शब्द होता. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेचे विवेचन करताना पाण्यातून उपजून पाण्यालाच झाकणाऱ्या बाबुळीचा दृष्टान्त आला आहे. तेथेही भिंतीचा मागमूस नाही. पुढे केव्हातरी मराठीत हा शब्द तलावाबाहेर पडला. विहिरीच्या पायऱ्या, वाड्याच्या भिंती, कौले, किल्ल्याचे चिरे अशा ओल्या जागा धरत वर चढला. बाबुळी मात्र पाण्यातच राहिली आणि बोलण्यातून जवळजवळ नाहीशी झाली. वनस्पतींनी सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी जे केले, ते या शब्दाने मराठीच्या हयातीत करून दाखवले, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. परिभाषाकारांनी पुढे शैवल आणि शेवाळी अशी वाटणी करून शब्दाला शिस्त लावली. पण ती पुस्तकातच राहिली. बोलणाऱ्याला दोन्ही जागी शेवाळच दिसते.

बोलणाऱ्याचा हा दोष असेल, तर त्यात त्याला फार थोर संगत आहे. लिनिअसने १७५३ साली वनस्पतिसृष्टीची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यातील 'अल्गी' या गटात खरी शैवले तर होतीच, पण आज ज्यांना आपण शेवाळींच्या वर्गात घालतो त्या मर्केंशिया, रिक्सियासारख्या लिव्हरवर्ट वनस्पतीही होत्या, आणि दगडफुलेही होती. ओले, हिरवे, फूल नसलेले, जमिनीला किंवा पाण्याला चिकटलेले ते एका पेटीत. कामठ्याच्या मुलीची व्याख्या याहून वेगळी नव्हती. त्यापूर्वीच्या शतकातली गंमत अशी, की कारा नावाचे एक पाणशैवल कास्पार बोहँ या विद्वानाने थेट अश्वपुच्छ या जमिनीवरच्या वनस्पतीच्या कुळात टाकले आणि 'पाण्याखाली सरपटणारे दुर्गंधी अश्वपुच्छ' अशा अर्थाचे नाव दिले. काराला कांडी असतात, प्रत्येक पेरापाशी बारीक फांद्यांचे वलय असते आणि चुरगळल्यास उग्र वास येतो. नजरेने पाहणाऱ्याची चूक क्षम्य होती. ती पुरती चूकही नव्हती, हे पुढे येईलच.

पेटी फोडण्याचे काम १८५१ साली विल्हेल्म होफमायस्टर याने केले. लाइपझिगमधला हा गृहस्थ पेशाने पुस्तके व संगीताच्या वह्या यांच्या प्रकाशनव्यवसायातला. वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने दाखवून दिले, की शेवाळी, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष या सर्वांच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात : एक लिंगपेशी निर्माण करणारी, दुसरी बीजाणू निर्माण करणारी. शेवाळीत जो हिरवा मखमली गालिचा दिसतो ती पहिली पिढी. त्यातून वर येणारा बारीक देठ आणि त्याच्या टोकाची बोंडी ही दुसरी. भाताच्या रोपात हे पारडे पूर्णपणे उलटलेले आहे. बांधीत उभे दिसते ते सगळे दुसऱ्या पिढीचे शरीर, आणि पहिली पिढी आक्रसून फुलाच्या आत मोजक्या पेशींपुरती उरली आहे. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. पण होफमायस्टरने शेवाळीपासून देवदारापर्यंत जी एक रांग उभी केली, तिच्या आरंभी पाण्यातले काहीतरी असणार, हे उघड झाले.

ते काहीतरी कोणते? येथून वाद सुरू होतो. हिरवी शैवले हा अंदाज सुरुवातीपासून होता, कारण त्यांची हरितद्रव्ये जमिनीवरच्या वनस्पतींसारखीच, साठवणीचे अन्न स्टार्च आणि पेशीभित्तीत सेल्युलोज. तपकिरी किंवा तांबडी शैवले या कसोटीवर बाद होतात. अडचण होती ती दोन पिढ्यांची. बहुतेक गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवलांत दुसरी पिढी नसतेच. फलित पेशी तयार होते आणि अंकुरताना लगेच विभागून पुन्हा पहिल्या पिढीला जन्म देते. मग दुसरी पिढी आली कोठून? ती नव्याने मध्ये घुसली, की पहिल्याच पिढीचे ते रूपांतर? चेलाकोव्स्की या चेक शास्त्रज्ञाने १८७४ साली हे दोन पक्ष स्पष्टपणे मांडले, आणि एफ. ओ. बावर यांनी १९०८ साली 'जमिनीवरील वनस्पतींचा उगम' या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहून पहिल्या पक्षाची वकिली केली : फलित पेशीने विभाजन लांबणीवर टाकले, आईच्या अंगावरच वाढत राहिली, आणि त्या लांबणीवर टाकण्यातून नवे शरीर उभे राहिले. आज जाणकारांचा कौल सामान्यतः याच बाजूला आहे.

या वादात भारताचे नाव ठळकपणे येते ते १९३२ साली. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार हे भारतीय शैवलशास्त्राचे आद्य पुरुष, लंडनला एफ. ई. फ्रिट्श यांच्याकडे काम करून आलेले. त्यांना सुकत आलेल्या डबक्यांच्या ओल्या गाळावर एक हिरवे शैवल सापडले. पाण्यात नव्हे, मातीवर. त्याचा काही भाग मातीत शिरलेला, काही मातीलगत आडवा पसरलेला आणि त्यातून हिरव्या तंतूंचे झुबके हवेत वर उठलेले. मातीतल्या गाठींवरून त्यांनी जातीचे नाव 'ट्युबरोसा' ठेवले आणि प्रजातीला गुरूचे नाव दिले : फ्रिट्शिएला. जमिनीवरच्या वनस्पतींचे मूळ अशाच आडव्या-उभ्या तंतूंच्या शैवलांत शोधावे, असा फ्रिट्श यांचा पक्ष होता. आणि शिष्याने जणू तो पक्ष जिवंत करून समोर ठेवला. मूळ, खोड, फांदी यांचा पहिला गिरवलेला कित्ता! आपल्याकडच्या बी.एस्सी.च्या पिढ्यान् पिढ्या हे चित्र काढत उत्तीर्ण झाल्या. ज्या सहकाऱ्यांनी आमची वही पाहिली, त्यांनीही विद्यार्थिदशेत ते काढले होते, आणि त्या आकृतीला मिळालेले गुण त्यांना अद्याप पाठ आहेत.

दुर्दैवाने फ्रिट्शिएला पूर्वज नव्हती. हे कळले ते बाह्य रूपावरून नव्हे, तर पेशी कशी दुभंगते हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. १९७०च्या दशकात जेरेमी पिकेट-हीप्स आणि त्यांचे सहकारी, आणि पाठोपाठ स्टुअर्ट व मॅटॉक्स, यांनी असे दाखवले की हिरव्या शैवलांत दोन घराणी आहेत. पेशीच्या दोन वाटण्या होताना एका घराण्यातल्या पुष्कळांत मधल्या भिंतीच्या पातळीतच सूक्ष्मनलिका आडव्या रचल्या जातात. दुसऱ्या घराण्यातल्या काहींत त्या भिंतीला काटकोनात उभ्या राहतात आणि भिंत मध्यापासून कडेकडे बांधली जाते. भाताच्या, आंब्याच्या, शेवाळीच्या पेशीत हीच दुसरी रीत आहे. फ्रिट्शिएला पहिल्या घराण्यातली निघाली. ती मातीवर आली हे खरे, पण स्वतःच्या वाटेने; तिच्यामागून कोणी रान उगवले नाही. आम्हांला ही घटना साहित्याच्या इतिहासातल्या काही प्रकरणांची आठवण करून देते. रूपसाम्यावरून प्रभाव सिद्ध करायचा आणि मग एखादी तारीख किंवा हस्तलिखित हाती आले की इमारत कोसळायची, हे आपल्याकडे नवे नाही. त्यामुळे अय्यंगारांचे मोल कमी होत नाही. मातीवर आलेले शैवल त्यांनी पाहिले होतेच, फक्त नाते वेगळे होते.

दुसऱ्या घराण्यात मग मान कोणाला? बराच काळ तो काराला मिळाला. तेच कांड्यांचे, दुर्गंधी, चुन्याची पुटे अंगावर चढवणारे पाणशैवल. केनेथ कॅरोल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली जनुकांच्या तुलनेवरून काराचे कुळ हेच जमिनीवरील वनस्पतींचे सर्वांत जवळचे हयात नातलग, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. बोहँचे अश्वपुच्छ चारशे वर्षांनी खरे ठरल्यासारखे झाले.

आणि येथे विदर्भाचा संबंध येतो, तो थेट दगडातून. काराच्या स्त्रीबीजाभोवती पाच पेशींचा पीळ असतो. त्यावर चुना बसला की टाचणीच्या डोक्याएवढी, मळसूत्री रेघांची गोळी तयार होते, आणि ती कोट्यवधी वर्षे टिकते. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांनी ओतला जात असताना दोन लाव्हांच्या मधल्या काळात येथे तळी साचत होती. त्या तळ्यांच्या गाळात या गोळ्या सापडतात. मद्रास सैन्यातील शल्यवैद्य मॅल्कमसन यांनी १८३०च्या दशकात निजामाच्या मुलखातील डोंगरांत अशा थरांतून जीवाश्म गोळा केले. त्यांतल्या काराला सॉवर्बी यांनी मॅल्कमसनचेच नाव दिले. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या आसपास, विशेषतः टाकळी येथे, फळे, बिया, शिंपले यांचा मोठा संग्रह केला आणि १८५५ साली हंटर यांच्यासह त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावाच्या महाविद्यालयात विदर्भातील कित्येक मराठी लेखक शिकले, ते हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारले. टाकळीच्या थरांतून पुढे काराच्या गोळ्याही अभ्यासकांनी नोंदवल्या. ही तळी म्हणजे मात्र वनस्पतींचे जमिनीवरचे आगमन नव्हे. तोवर जमिनीवर वने येऊन तीस कोटी वर्षे उलटून गेली होती. कारा तेव्हाही पाण्यातच राहिलेला भाऊ होता.

कामठ्याला हा काळा पाषाण नाही. गोंदियाचे खडक त्याहून कितीतरी जुने, जमिनीवर हिरवा ठिपकाही नव्हता त्या काळातले. कामठा म्हटले की लोकांना नागपूरजवळची कामठी आठवते. आमच्या नावची एक टपालाची थैली तिकडे जाऊन आली आहे. पण हे कामठा जुन्या जमीनदारीचे ठिकाण. १८१८च्या धामधुमीत येथल्या चिमणा पाटलाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, ते मोडून काढण्यात आले आणि जमीनदारी त्या घराण्याकडून लोधी घराण्याकडे गेली. साऱ्या भंडारा-गोंदियाप्रमाणे हाही तलावांचा मुलूख. नवेगाव बांधसारखे थोरले तलाव कोहळी समाजाच्या नावावर आहेत. बाकी असंख्य लहानमोठे मालगुजार-जमीनदारांच्या काळात बांधले गेले, आणि १९५०च्या कायद्याने ती व्यवस्था गेल्यावर 'माजी मालगुजारी' झाले. सरकारी कागदांतले हे भारदस्त नाव लोकांनी 'मामा तलाव' असे आटोपशीर करून घेतले.

वहीच्या प्रकरणानंतर पावसाळा सरताना आम्ही त्या विद्यार्थिनीच्या गावाकडल्या अशाच एका तलावावर गेलो. सहकारी भिंग आणि काचेच्या बाटल्या घेऊन बरोबर होते. पाळीवर एक वयस्क ढिवर गृहस्थ जाळे सोडवत बसले होते. आम्ही काय शोधतो हे विचारून झाल्यावर ते म्हणाले, "शेवाळच पाह्यचं होय तं घरीच होतं न जी, न्हाणीत." मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही तलावाकडे पाहिले.

काठाशी, बांधीच्या उथळ पाण्यात, हिरव्या रेशमासारखे काही तरंगत होते. हातात घेतले की सुळकन निसटते. ते स्पायरोगायरा; शाळेच्या पुस्तकात पेशीच्या आत हिरव्या फितीची वेटोळी दाखवतात तेच. सहकाऱ्यांनी ते बाटलीत घातले आणि सांगितले, की काराचा मानही आता गेला आहे. २०१४ साली अनेक शैवले आणि वनस्पती यांच्या शेकडो जनुकांची एकत्र तुलना करणारे काम प्रसिद्ध झाले आणि त्यात जमिनीवरील वनस्पतींच्या सर्वांत निकट आले ते स्पायरोगायराचे कुळ. २०१९च्या, हजारावर वनस्पतींच्या तुलनेनेही तेच सांगितले. त्याच वर्षी या कुळातील, ओलसर पृष्ठभागावर राहणाऱ्या दोन साध्या शैवलांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले. जमिनीवरची वनस्पती कोरड्याला, ताणाला ज्या जनुकांच्या आधारे तोंड देते, त्यांतली काही या शैवलांत आधीच आहेत. आणि ती मातीतल्या जीवाणूंकडून आलेली असावीत, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. कारासारखी खोडफांदीची ऐट या कुळात अजिबात नाही. एक तंतू, किंवा एकटी पेशी. म्हणजे निकटचा नातलग दिसायला सर्वांत दूरचा. पूर्वजांकडे असलेली गुंतागुंत या शाखेने पुढे टाकून दिली असावी, असे मानतात.

पण भाताच्या बांधीत उभे राहिल्यावर हे पटायला जड जात नाही. बांधी चार महिने तळे असते आणि पुढे भेगाळलेली माती. स्पायरोगायरा पाणी ओसरू लागले की जोड्या जमवते, एका तंतूतल्या पेशीचा ऐवज शेजारच्या तंतूत ओतला जातो आणि जाड कवचाचा एक बीजाणू तयार होतो. तो उन्हाळाभर मातीत पडून राहतो. त्या कवचाला टिकाऊपणा देणारे द्रव्य परागकणांच्या कवचातल्या द्रव्याच्या जातीचे आहे. पाणी आटण्याची सवय ज्याला शेकडो पिढ्या झाली, त्यालाच कोरड्या जागी टिकण्याची काही पूर्वतयारी असणार. समुद्रातून एकदम काठावर उडी घेतल्याची जी चित्रे आपण लहानपणी पाहिली, त्यांपेक्षा आटणारी डबकी आम्हांला अधिक विश्वसनीय वाटतात. शास्त्राचा कलही गोड्या पाण्याकडेच आहे.

विदर्भातल्या या सगळ्याची नोंद कोणी ठेवली? नागपूरच्या विज्ञान संस्थेत काम केलेल्या एन. डी. कामत यांनी १९६३ साली कोल्हापूरच्या आणि पुढे विदर्भाच्या शैवलांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्या इंग्रजीत आहेत, हे सांगायला नकोच.

परतताना विद्यार्थिनीने पाण्यातून आणखी एक झुपका उपटून दाखवला. लांब देठ, वलयाने बसलेली इवली पाने. "आणि हे, सर? यालाही शेवाळच म्हणतात." आम्ही सहकाऱ्यांकडे पाहिले, या वेळी लाल शाई खिशातच ठेवली. ते हायड्रिला होते. फुले येणारी, सगळी घडी बसलेली वनस्पती. तिचे पूर्वज जमिनीवर नांदले आणि नंतर ती पुन्हा पाण्यात उतरली. उत्तरेकडे याच झुडपाला सेवार म्हणतात, आणि जुन्या पद्धतीच्या खांडसरीत राब्याची साखर उजळवण्यासाठी त्याचे ओले थर साखरेवर पसरत असत. म्हणजे संस्कृत शैवालाचे एक नातू उत्तरेत याच वस्तूवर बसले आहे.

संग्रहाच्या पक्क्या प्रतीत 'शेवाळ' या नोंदीखाली आता तीन अर्थ आहेत आणि तिन्ही त्या मुलीचे. चौथ्यासाठी जागा सोडली आहे. न्हाणीतल्या फरशीवरचे, काळपट हिरवे, घसरवणारे जे असते, ते बहुधा नील-हरित जीवाणूंच्या जातीचे, वनस्पती नव्हेच, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. त्या गृहस्थांच्या न्हाणीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाला, की ती नोंद पूर्ण करू.